कातडी सोलणारी आम्ले : वज्रीपासून बाटलीपर्यंत

गेल्या उन्हाळ्यात विज्ञानशिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही आम्ले आणि आम्लारी या विषयावर बोलत होतो. चहाच्या सुट्टीत एका शिक्षिकाबाईंनी पर्समधून एक लहानशी बाटली काढून आमच्यापुढे ठेवली. बाटलीवर 'ग्लायकोलिक ॲसिड ७ टक्के' असे छापलेले होते. किंमत तीनशे रुपयांच्या आत. बाईंच्या वर्गातल्या दहावीच्या दोन मुली ती चेहऱ्याला लावीत होत्या आणि त्यांतल्या एकीच्या गालावर काळपट डाग आले होते. बाईंचा प्रश्न सरळ होता. "सर, हे चांगले की वाईट? आणि स्वस्त आहे म्हणून वाईट, असे तर नाही ना?"

त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर आमचे आम्हालाच फार तोकडे वाटले. घरी आल्यावर जुने संदर्भ काढून बसलो तेव्हा लक्षात आले की या प्रश्नामागे सुमारे अडीचशे वर्षांचा इतिहास आहे. तो नुसता रसायनांचा इतिहास नाही. एखादे औषध 'लागू पडते' असे आपण कशावरून म्हणायचे, याचाही तो इतिहास आहे.

प्रथम कातडीविषयी थोडेसे. आपल्या बाह्यत्वचेच्या अगदी वरचा थर मेलेल्या, चपट्या, केराटिनने भरलेल्या पेशींचा असतो. त्याला शृंगस्तर म्हणतात. बहुतेक ठिकाणी त्यात पंधरा ते वीस थर असतात, पण सगळे मिळून जाडी भरते ती मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहून कमीच. तळवे आणि टाचा यांना अपवाद आहेत. तिथे हा थर कितीतरी जाड असतो. तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत सरकत शृंगस्तरात येते आणि शेवटी गळून पडते. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. शेजारच्या पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे प्रथिनांचे टाके असतात. वरच्या थरात ते हळूहळू तुटतात, म्हणून पेशी न कळत गळतात. टाके वेळेवर तुटले नाहीत की पेशी थरावर थर साचतात. कातडी खरखरीत दिसते, पायाला कुरूप होते, टाचांना भेगा पडतात.

साचलेला हा थर काढण्याचा सर्वांत जुना उपाय म्हणजे घासणे. आपल्याकडे न्हाणीघरात वज्री असायचीच. दिवाळीचे उटणे, डाळीचे पीठ यांचेही निम्मे काम घासण्याचेच. दही, ताक, लिंबू, चिंच मात्र दुसऱ्या वाटेने जातात. त्यांत आम्ल असते. तांब्याची भांडी चिंचेने लखलखीत होतात हे पाहणाऱ्या माणसाला तोच प्रयोग कोपरांवर करून पाहावासा वाटला तर त्यात नवल नाही.

या पदार्थांतली आम्ले वेगळी काढून ओळखण्याचे श्रेय बऱ्याच अंशी एकाच माणसाला जाते. त्याचे नाव कार्ल विल्हेल्म शील. स्वीडनमधल्या क्योपिंग नावाच्या गावात त्याचे औषधाचे दुकान होते. टार्टारिक आम्ल त्याने त्याच्याही आधी, १७६९ च्या सुमारास मिळवले. आंबलेल्या दुधातून १७८० साली लॅक्टिक आम्ल, लिंबाच्या रसातून १७८४ साली सायट्रिक आम्लाचे स्फटिक आणि सफरचंदातून १७८५ साली मॅलिक आम्ल. पुढच्याच वर्षी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. आज सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात 'फळांची आम्ले' म्हणून जी मांडलेली असतात त्यांतली बहुतेक त्याच्या दुकानातून निघालेली आहेत. कुटुंबातला धाकटा सदस्य ग्लायकोलिक आम्ल मात्र फळातून आलेच नाही. स्ट्रेकर आणि सोकोलोव्ह यांनी ते १८५१ साली हिप्युरिक आम्लापासून बनवले, आणि हिप्युरिक आम्ल त्या काळी मिळवीत गाईघोड्यांच्या मूत्रातून! उसाच्या रसात ग्लायकोलिक आम्ल असते हे खरे, पण बाजारात येणारे आम्ल बहुधा उसापासून केलेले नसते. फॉर्माल्डिहाइड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यासारख्या कच्च्या मालापासून ते कारखान्यात तयार होते. रेणू तोच, त्यामुळे त्वचेला काही फरक पडत नाही. बाटलीवरच्या उसाच्या चित्रावर मात्र कोल्हापूरकरांनी फार भाळू नये.

कातडीच्या वैद्यकात आधी आले ते दुसऱ्याच घराण्यातले सॅलिसिलिक आम्ल. इटालियन रसायनज्ञ राफाएले पिरिया याने विलो झाडाच्या सालीतल्या सॅलिसिनपासून ते १८३८ साली मिळवले. सालीतून मिळणारी वस्तू महाग असणारच. हेर्मान कोल्बे याने फिनॉल आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून ते बनवण्याची रीत शोधली, आणि १८७४ साली फ्रीडरिश फॉन हायडेन याने ड्रेस्डेनजवळ कारखाना काढला. झाडाच्या सालीतले औषध पोत्याने मिळू लागले. या आम्लाची पुढची पिढी ॲस्पिरिन. तिची कथा आपण अनेकदा वाचलेली असते, म्हणून इथे सोडून देतो.

आम्ल स्वस्त झाले, म्हणून ते सगळ्या वैद्यांच्या हाताशी आले. हँबुर्गचा त्वचावैद्य पाउल गेर्सोन उना याने १८८२ साली सॅलिसिलिक आम्ल, रेझॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल यांचे कातडीवरचे परिणाम वर्णन केले. त्याच वर्षी त्याच गावातला औषधविक्रेता पाउल बायर्सडोर्फ याने औषधी पट्ट्यांचे पेटंट घेतले आणि दोघांचे सहकार्य सुरू झाले. आज कुरुपावर लावायची जी पट्टी दुकानात मिळते ती याच परंपरेतली. तिच्यात सॅलिसिलिक आम्ल १२ ते ४० टक्के असते. मुरुमांच्या औषधात तेच आम्ल अर्धा ते दोन टक्के. नाव एक पण मात्रेत वीस पट फरक. वर्गात मात्रेची कल्पना समजावताना हे उदाहरण उपयोगी पडेल.

उनाच्या काळापासून या आम्लांना 'केराटिन विरघळवणारी' म्हणण्याची पद्धत पडली, ती अजून चालू आहे. ती चुकीची आहे. या मात्रांना केराटिन विरघळत नाही. पेशींमधले टाके सैल होतात आणि पेशी अखंडच सुटून येतात. भिंतीच्या विटा विरघळत नाहीत, सांध्यांतला चुना निघतो. टाके नेमके कसे सैल होतात याविषयी मात्र अजून पूर्ण एकमत नाही.

आता लंडनच्या आर्थर व्हिटफील्डकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने गजकर्ण आणि नायट्यासाठी एक मलम प्रचारात आणले. त्यात सहा टक्के बेन्झोइक आम्ल आणि तीन टक्के सॅलिसिलिक आम्ल असते. त्यामागची कल्पना फार साधी आणि सुंदर आहे. गजकर्णाची बुरशी मेलेल्या केराटिनवर जगते, म्हणजे तिचे घर शृंगस्तरातच. सॅलिसिलिक आम्लाने ते घरच सोलून टाकायचे आणि उरलेल्या बुरशीची वाढ बेन्झोइक आम्लाने रोखायची. दोन्ही आम्ले स्वस्त, आणि मलम कोणताही औषधनिर्माता खलात घोटून करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली अत्यावश्यक औषधांची पहिली आदर्श यादी केली तेव्हा हे मलम तीत होते.

पण तोवर क्लोट्रिमॅझोलसारखी नवी, महाग औषधे आली होती, आणि व्हिटफील्डचे मलम जुनाट, चुरचुरणारे, गरिबांचे म्हणून मागे पडत चालले होते. ते नव्या औषधापेक्षा खरोखरच कमी गुणकारी आहे का, हे तपासायला कुणाला फारशी घाई नव्हती. स्वस्त मलमाच्या चाचणीवर पैसा कोण घालणार? ते काम आफ्रिकेतल्या मलावी देशात झाले. तिथल्या संशोधकांनी दोन्ही औषधांची दुहेरी अंध तुलना केली, म्हणजे कोणाला कोणते मलम मिळाले हे रुग्णाला आणि तपासणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. दोहोंच्या गुणात फरक आढळला नाही, किमतीत मात्र मोठा फरक होता. आमच्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची नोंद आहे, आणि तिचा बोलबाला मात्र सर्वांत कमी झाला.

तपासणी न करता विश्वास ठेवला की काय होते याचे उदाहरण फिनॉलच्या कथेत सापडते. लिस्टरने जंतुनाशक म्हणून नावाजलेले हे रसायन कातडीवर लावले तर खोलवर भाजते. भरून आलेली कातडी गुळगुळीत दिसते. अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकांत लॉस एंजेलिस आणि फ्लोरिडा भागांत वैद्यकाचे शिक्षण नसलेले काही लोक गुप्त कृतीने चेहरे सोलून देत. पुढे १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शल्यवैद्यांनी ही कृती उघड केली. फिनॉल ३ मिलिलिटर, पाणी २ मिलिलिटर, द्रवरूप साबणाचे ८ थेंब आणि क्रोटन तेलाचे ३ थेंब. क्रोटन तेल म्हणजे आपल्या जमालगोट्याचे, जेपाळाचे तेल. आयुर्वेदात जहाल रेचक म्हणून ते प्रसिद्धच आहे. जवळजवळ चाळीस वर्षे सर्वांची समजूत अशी की काम करते ते फिनॉल, जमालगोटा केवळ साथीला. २००० साली ग्रेगरी हेटर या शल्यवैद्याने प्रमाणे बदलून पाहिली. सोलणे किती खोल जाते हे मुख्यतः त्या तीन थेंबांवर अवलंबून असल्याचे त्याने दाखवून दिले! फिनॉल रक्तात शोषले जाऊन हृदयाची लय बिघडवू शकते, हा धोका लोकांनी पत्करला तो सगळे श्रेय त्याचेच समजून. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे आपण आठवीच्या प्रयोगवहीत मुलांना लिहायला लावतो. ते या क्षेत्रात व्हायला चार दशके लागली.

आता बाईंच्या बाटलीकडे. फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठाच्या त्वचारुग्णालयात यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुए यू हे दोघे इक्थिओसिस या विकारावर काम करीत होते. या जन्मजात विकारात पेशी गळतच नाहीत, अंगभर माशासारखे खवले साचतात. रोग बरा होत नाही, पण खवले उतरले तरी माणसाला चारचौघांत बसता येते. या दोघांनी साठाहून अधिक पदार्थ एकेक करून रुग्णांच्या कातडीवर लावून पाहिले. १९७४ साली त्यांनी निष्कर्ष छापला. सायट्रिक, ग्लायकोलिक, लॅक्टिक, मॅलिक यांसारखी आम्ले मलमातून लावली तर एक प्रकार वगळता सर्व प्रकारच्या इक्थिओसिसमध्ये खवले जवळजवळ उतरतात. शीलची जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली होती! त्यांना जोडणारा दुवा म्हणजे आम्लगटाच्या लगतच्या कार्बनवर बसलेला हायड्रॉक्सिल गट. त्यावरून 'आल्फा हायड्रॉक्सी आम्ले' हे नाव रूढ झाले. पुढे १९८४ साली त्यांनी असेही मांडले की ही आम्ले पेशींची पकड शृंगस्तराच्या अगदी तळाशी, नव्याने घडत असतानाच सैल करतात. १९८८ मध्ये त्यांनी कंपनी काढली, आणि खवल्यांच्या दुर्मीळ रोगावरचे औषध सुरकुत्यांच्या बाजारात उतरले. रुग्ण हजारांत, गिऱ्हाईक कोटींत.

सुरकुत्यांवर ते चालते का? याचे बऱ्यापैकी प्रामाणिक उत्तर १९९६ साली मिळाले. उन्हाने रापलेल्या त्वचेच्या ४० ते ७० वर्षांच्या ७४ स्त्रियांचे तीन गट केले. एका गटाला ८ टक्के ग्लायकोलिक आम्लाचे क्रीम, दुसऱ्याला ८ टक्के लॅक्टिक आम्लाचे, तिसऱ्याला आम्लाविना नुसते क्रीम. बावीस आठवडे, दिवसातून दोनदा. कोणाला काय हे कोणालाच माहीत नाही. शेवटी चेहऱ्यावर किमान एका पायरीची सुधारणा दिसली ती ग्लायकोलिकच्या ७६ टक्के आणि लॅक्टिकच्या ७१ टक्के स्त्रियांत.

इथे थांबले तर जाहिरात तयार. पण तिसऱ्या गटाचा आकडा पाहा. नुसत्या क्रीमने ४० टक्के स्त्रियांत तेवढीच सुधारणा दिसली. म्हणजे शंभरांतल्या शहात्तरांपैकी चाळीसजणींना आम्लाची गरजच नव्हती. आम्लाचे स्वतःचे श्रेय छत्तीस, शहात्तरांच्या निम्म्याहून थोडे कमी. चाळीसजणींत काय घडले? तेल आणि पाणी मिळाल्याने कोरडी कातडी मऊ झाली, नियमाने काळजी घेतली गेली, आणि पाहणाऱ्यालाही सुधारणा पाहण्याची आशा होतीच. आमच्या ओळखीत कोणी 'मला फरक पडला' म्हणते तेव्हा आम्ही ते खोटे समजत नाही. तो छत्तीसांतला फरक की चाळीसांतला, एवढेच विचारतो. ते एकट्या माणसाला स्वतःच्या चेहऱ्यावरून कधीच कळत नाही.

दुसरी अडचण टक्क्यांची. बाटलीवरचा आकडा एकूण आम्लाचा असतो. कातडीत शिरतो तो मुख्यतः न विघटलेला, विद्युतभाररहित रेणू. आयन झालेला रेणू शृंगस्तराच्या स्निग्ध सांध्यांतून सहसा जात नाही. ग्लायकोलिक आम्लाचे निम्मे रेणू न विघटलेले असतात ते सामू ३.८ असताना. सामू एकाने वाढला की हे प्रमाण निम्म्यावरून दहा टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून १० टक्क्यांची दोन क्रीमे घ्या. सामू ३.८ असलेल्यात कामाचे आम्ल ५ टक्के, सामू ४.८ असलेल्यात जेमतेम १ टक्का. वेष्टणावर दोन्ही '१० टक्के'च. सामू छापण्याची पद्धत मात्र क्वचितच आढळते. हेच गणित दह्याला लावू. दह्यात लॅक्टिक आम्ल साधारण एक टक्का आणि सामू ४.५ च्या आसपास. लॅक्टिक आम्लाचा निम्म्याचा सामूही जवळपास तोच, ३.९. म्हणजे न विघटलेले आम्ल ०.२ टक्के. दही लावून चेहरा मऊ वाटतो तो बहुधा त्यातल्या स्निग्धांशामुळे आणि पुसण्यामुळे. लिंबाची गोष्ट उलट आहे. सामू दोन-अडीच, आम्ल पाच-सहा टक्के, आणि शिवाय लिंबाच्या सालीत बावचीतल्या सोरालेनच्या जातीची द्रव्ये. लिंबू लावून उन्हात गेले तर भाजल्यासारखे फोड येऊन काळे पट्टे उमटू शकतात. 'घरगुती' म्हणजे निर्धोक, हा समज इथे महागात पडतो.

सुरक्षिततेचा विचार अमेरिकेत प्रसाधनतज्ज्ञांच्या समितीने केला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार ग्लायकोलिक आणि लॅक्टिक आम्ल घरगुती वापरासाठी १० टक्क्यांपर्यंत, सामू ३.५ किंवा अधिक असताना सुरक्षित. पण उन्हापासून संरक्षणाची सूचना सोबत हवी. ही अट पोकळ नव्हती. स्वयंसेवकांच्या कातडीवर चार आठवडे १० टक्के ग्लायकोलिक आम्ल लावल्यावर अतिनील किरणांनी लाल होण्याची संवेदनशीलता १८ टक्क्यांनी वाढली, आणि किरणांमुळे पेशींना होणारी इजा सरासरीने दुप्पट झाली. आम्ल बंद केल्यावर आठवड्याभरात सर्व पूर्ववत झाले. २००५ साली अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने अशा प्रसाधनांवर उन्हाचा इशारा छापण्याची शिफारस केली.

आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. गव्हाळ आणि सावळ्या कातडीला जळजळ झाली, खपली धरली, की बरे होताना तिथे रंगद्रव्य जास्त साठते. तो काळा डाग कित्येक महिने राहतो. १९९६ ची चाचणी रापलेल्या, प्रौढ कातडीवर झाली होती. पंधरा वर्षांच्या मुलीच्या गालावर सोलून काढण्याजोगे साचलेले असे फारसे काही नसतेच. मुली ते लावतात उजळपणासाठी, आणि मूळ रंग ठरतो तो बाह्यत्वचेच्या तळाशी, रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींत. वरचे थर सोलून तो बदलत नाही. फार तर उन्हाने रापलेला थर लवकर उतरतो. मुलींना ही घाई कोण लावते हे आम्ही इथे सांगायला नको. त्यांच्या घरातल्या लग्नाच्या बोलण्यांत ते ऐकू येते.

पुढच्या शिबिरात बाई पुन्हा भेटल्या. या वेळी आम्ही सामूपट्ट्या बरोबर नेल्या होत्या. बाटलीतल्या थेंबाने पट्टीचा रंग साडेतीन ते चारच्या दरम्यान आला. म्हणजे वस्तू फसवी नव्हती. छापले होते तेवढे आम्ल त्यात असणे शक्य होते, आणि ते काम करण्याच्या अवस्थेत होते. स्वस्त असण्यात काही खोट नव्हती. आम्ल मुळात स्वस्तच असते, महाग बाटलीत पैसे बहुधा बाटलीचेच पडतात. टाचांसाठी, कोपरांच्या खरखरीत कातडीसाठी ती खुशाल वापरावी, असे आम्ही म्हणालो. पण मुलींनी ती रोज सकाळी चेहऱ्याला लावून सायकलवरून शाळेला यावे, यात त्यांचे नुकसान होते. डाग पडलेल्या मुलीने बाटली बंद करून त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे, एवढेच आम्हाला सांगता आले.

बाईंनी वहीत सगळे लिहून घेतले. मग म्हणाल्या, "आणि उन्हाचे मलम? ते बाटलीपेक्षा महाग आहे." आम्ही दुकानात चौकशी केली. महिनाभर पुरेल एवढे घ्यायचे तर खरोखरच ते बाटलीहून महाग पडत होते.